माकडं, कुरडया आणि दहा मिनिटांचा टायमर

गच्चीवाली | १९ एप्रिल, रात्री ११:१०

आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. मागच्या कुंपणापलीकडे लगेच नॅशनल पार्कची झाडी सुरू होते, त्यामुळे माकडांचं अप्रूप आम्हाला कधीच नव्हतं. पण यंदा सासूबाईंनी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया एका सकाळी गायब झाल्या. दोन किलो गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक शिजवून सोऱ्याने घातलेल्या. ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांनाच हे दुःख कळेल.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर विषय निघाला: माणूस बोलावून टोळी पकडायची आणि लांब कुठेतरी सोडून द्यायची. मी म्हटलं, ही येतात किती, कधी, करतात काय, ते आधी लिहून तर काढू. मी घरूनच हिशेबाची कामं करते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या विंगची पाण्याची टाकी आणि मागची भिंत समोरच दिसते. गेल्या वर्षीची डायरी घेतली आणि चार दिवस नोंदी केल्या. '८:२० कचऱ्याचा डबा पाडला. ८:५० तिसऱ्या मजल्याची जाळी हलवली. ९:०५ वॉचमनवर दात विचकले.'

माझी भाची प्राणिशास्त्रात एमएस्सी करते. तिने वही चाळली आणि म्हणाली, "मावशी, तू माकडांची नोंद ठेवलीच नाहीयेस. आरडाओरड्याची ठेवलीयेस."

मग तिने जीन ऑल्टमन या बाईंबद्दल सांगितलं. मूळच्या गणिताच्या, पुढे केनियात बबून माकडांवर काम केलं. १९७४ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला, विषय एवढाच की प्राणी बघायचे कसे. आपली नजर नेहमी भांडणाकडे, उडीकडे, चोरीकडे जाते. मग वहीत तेवढंच उतरतं आणि वाटतं की ही जनावरं दिवसभर हेच करतात. उपाय साधा आहे. बसायच्या आधीच एक प्राणी ठरवायचा, ठरलेली मिनिटं फक्त त्याच्याकडेच बघायचं, आणि तो जे करेल ते लिहायचं. शेजारी आभाळ कोसळलं तरी मान वळवायची नाही.

इडलीसाठीचा टायमर होताच. दहा मिनिटं लावली. डाव्या कानाला खाच असलेली एक मादी निवडली. पहिली चार मिनिटं ती टाकीच्या सावलीत नुसती बसून राहिली. मग एक थोराड मादी आली आणि सरळ हिच्याकडे पाठ करून बसली. हिने डाव्या हाताने तिच्या पाठीवरचे केस मागे दाबून धरले आणि उजव्या हाताच्या बोटांनी एकेक काहीतरी वेचून ओठांना लावायला सुरुवात केली. सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "तांदूळ निवडतेय गं बाई." त्याच वेळी खाली काहीतरी धुमाकूळ झाला, पत्रा वाजला, कुणीतरी शिव्या घातल्या. माझ्या वहीत मात्र सलग सहा मिनिटं एकच शब्द आहे: 'निवडते.'

तीन आठवड्यांत अशा चाळीसेक बैठका झाल्या. त्यात चोरी आणि कचरा मोजून सहा-सात वेळा. बाकी बसणं, निवडणं, पिंपळाची पालवी खाणं, पोरांचं शेपट्या ओढणं.

तर मंडळी, माकडांच्या वागण्यावर आणि आरोग्यावर जे शास्त्रीय काम झालंय त्यातलं कुणाला माहीत असेल तर लिहा. शनिवारी सोसायटीची मीटिंग आहे आणि मला रिकाम्या हाताने जायचं नाहीये.

निळी_छत्री | १९ एप्रिल, रात्री ११:४८

आधी ओळख पटवून घ्या. कपाळावरचे केस मधून भांग पाडल्यासारखे आणि डोक्यावर टोपी घातल्यासारखा भोवरा, शेपूट अंगाएवढं लांब, तर ते टोपी माकड, म्हणजे बॉनेट मकाक. शेपूट आखूड आणि कंबरेखाली तांबूस-नारिंगी रंग असेल तर रिसस. काळ्या तोंडाचं, सडसडीत, लांबलचक शेपटीचं ते वानर. नॅशनल पार्कच्या आजूबाजूला तिन्ही दिसतात.

टोपी माकड फक्त भारतीय द्वीपकल्पात सापडतं. रिसस उत्तरेकडचं, पण गेली काही दशकं ते दक्षिणेकडे सरकतंय आणि टोपीवाल्यांची जागा घेतंय. शहरातून पकडून 'लांब कुठेतरी' सोडलेल्या टोळ्यांचाही याला हातभार आहे. हे मीटिंगमध्ये जरूर सांगा.

कट्टेकरी_विन्या | २० एप्रिल, सकाळी ७:३२

कानाला खाच असलेलीचं नाव काय ठेवलंत? नावाशिवाय मजा नाही. आमच्याकडे येऊरच्या रस्त्यावर एक 'शेठ' आहे, चालत्या रिक्षातून वडापाव उचलतो. ठाण्यातल्या भल्याभल्यांना जमणार नाही.

गच्चीवाली | २० एप्रिल, सकाळी ८:१५

@निळी_छत्री, टोपीच. भोवरा स्पष्ट दिसतो.
@विन्या, सासूबाईंनी ठेवलंय. कानाला खाच म्हणून 'खाचू'. थोराड मादीचं नाव 'आत्याबाई'.

शंकासुर | २० एप्रिल, सकाळी १०:०५

धागा छान आहे, पण एक शंका. ही माकडं एकमेकांच्या उवा काढतात, ते आपण लहानपणापासून बघतोय. त्यावर आयुष्यभर संशोधन करून हाती काय लागतं? आणि 'आरोग्या'शी त्याचा संबंध काय? मुलाखतीत विचारतात तसा नाही, खरंच विचारतोय.

भाजणी | २० एप्रिल, दुपारी १:२०

@शंकासुर, संबंध आहे आणि तो फार मजेशीर पद्धतीने कळला. वर ज्या ऑल्टमन बाईंचा उल्लेख आलाय, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियात अंबोसेली इथे १९७१ मध्ये बबूनवरचं काम सुरू केलं, ते आजही चालू आहे. पन्नासहून जास्त वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या, प्रत्येक माकड चेहऱ्याने ओळखून. कोण कुणाची मुलगी, कोण कुणाशेजारी बसते, पहिलं पिल्लू कधी, मेली कधी, सगळं वहीत.

आता रानातल्या बबूनचं रक्त कसं काढणार? तर काढायचंच नाही. विष्ठा गोळा करायची. ताण वाढला की शरीरात जी संप्रेरकं वाढतात त्यांचे अंश विष्ठेत उतरतात. त्यावरून २०११ मध्ये एक गंमत समोर आली. टोळीतल्या पहिल्या क्रमांकाच्या नराच्या अंगात ताणाची संप्रेरकं दुसऱ्या क्रमांकाच्या नरापेक्षा पुष्कळ जास्त होती. मुख्य होणं म्हणजे रोज कुणाशी ना कुणाशी भांडणं आणि माद्यांवर पाळत ठेवणं. दुसरा आपला निवांत. (आमच्या ऑफिसात हा शोध कुणी विष्ठा न तपासताही लावला असता.)

माद्यांचं याहून महत्त्वाचं. ज्या माद्या इतरांमध्ये जास्त मिसळतात, ज्यांच्याशेजारी कुणीतरी बसून अंग निवडतं, त्यांची पिल्लं जगण्याचं प्रमाण जास्त निघालं. हे २००३ मध्ये छापून आलं. पुढे असंही दिसलं की लहानपणी दुष्काळ, आई लवकर जाणं, आईचा खालचा दर्जा अशी तीन-चार संकटं एकदम वाट्याला आलेल्या माद्या, तसं काही न भोगलेल्यांपेक्षा सरासरी दहाएक वर्षं आधी मरतात. आणि त्या मोठेपणी एकट्याही पडलेल्या असतात.

म्हणजे गच्चीवालीताईंच्या वहीतलं 'निवडते' हे काही फुकट गेलेलं पान नाही.

आजोबा_७२ | २० एप्रिल, दुपारी ४:००

माकडांत मुली जन्मभर माहेरी राहतात आणि मुलगे घर सोडून जातात असं वाचलं होतं. खरं आहे का?

भाजणी | २० एप्रिल, दुपारी ४:४१

मकाकमध्ये (म्हणजे टोपी, रिसस वगैरे) आणि बबूनमध्ये बहुतेक तसंच, आजोबा. मुलीचा दर्जा आईवरून ठरतो. आणि त्यातही रिसस आणि जपानी माकडांत धाकटी बहीण थोरलीच्या वर जाते, कारण आई भांडणात धाकटीची बाजू घेते.

आजोबा_७२ | २० एप्रिल, दुपारी ४:५५

हे मात्र आमच्याही घरी होतं.

चिंचोके | २० एप्रिल, रात्री ९:३०

माझ्या आवडीचा विषय निघालाच आहे, तर कायो सँटियागोबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ पंधराएक हेक्टरचं एक चिमुकलं बेट आहे. १९३८ मध्ये क्लॅरेन्स कार्पेंटर नावाच्या शास्त्रज्ञाने तिथे ४०९ रिसस माकडं नेऊन सोडली. कुठून? भारतातून. बोटीने. आज त्या बेटावर जी दीड हजाराच्या वर माकडं आहेत ती सगळी त्यांचीच प्रजा. म्हणजे एका अर्थाने आपले अनिवासी भारतीय, आणि जगातल्या सगळ्यात बारकाईने अभ्यासलेल्या माकडांपैकी एक.

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया नावाचं चक्रीवादळ त्या बेटावरून गेलं. निम्म्याहून जास्त झाडोरा साफ झाला. माकडं बहुतेक वाचली, पण सावली गेली. तिथे दुपारी जमीन इतकी तापते की सावली ही चीज अन्नाइतकीच महत्त्वाची होऊन बसली. संशोधकांना वाटत होतं, आता भांडणं वाढणार, प्रत्येक जण आपल्या घट्ट मैत्रिणींना धरून बसणार. झालं भलतंच. माकडं एकमेकांना जास्त खपवून घ्यायला लागली. पूर्वी ज्यांच्याजवळ बसत नव्हती, त्यांच्याशेजारी एकाच चिंचोळ्या सावलीत दाटीवाटीने बसायला लागली. नवीन ओळखी केल्या. ज्यांनी हे केलं, ती पुढच्या काळात तगण्याची शक्यता जास्त निघाली.

आमच्यासारखे जे ८:०२ च्या अंबरनाथ फास्टला चौथी सीट मागतात, त्यांना यात नवल वाटणार नाही.

पण दुसरी बाजूही आहे. वादळापूर्वी आणि वादळानंतर घेतलेले रक्ताचे नमुने ताडून बघितले, तेव्हा वादळातून गेलेल्या माकडांच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी सरासरी दोन वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसल्या. माकडाची दोन वर्षं म्हणजे माणसाची सात-आठ धरा. सोबत मिळाली तरी शरीराने किंमत मोजलीच.

आंबोळी | २१ एप्रिल, सकाळी ९:१२

चिंचोके, सुंदर. २६ जुलै आठवला. आमच्या मजल्यावरच्या ज्या काकूंशी दहा वर्षं बोलणं नव्हतं, त्यांच्याच घरी त्या रात्री खिचडी खाल्ली होती.

उपासवाल्यांसाठी जरा अवांतर. कमी खाल्लं की आयुष्य वाढतं का, यावरही रिसस माकडांवर दोन मोठे प्रयोग अमेरिकेत झाले. एक १९८७ मध्ये मेरीलँडमध्ये सुरू झाला, दुसरा १९८९ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये. दोन्हीकडे एका गटाला सुमारे ३० टक्के कमी उष्मांक. २००९ मध्ये विस्कॉन्सिनवाले म्हणाले, कमी खाणारी जास्त जगतात. २०१२ मध्ये मेरीलँडवाले म्हणाले, आमच्याकडे तर फरकच नाही. वर्तमानपत्रांनी दोन्ही वेळा छापलं.

मग २०१७ मध्ये दोन्ही गट एकत्र बसले आणि आपापल्या नोंदी एकमेकांसमोर ठेवल्या. (किती घरांत हे होतं?) विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाण्यात सुमारे २८ टक्के साखर होती, मेरीलँडमध्ये चारेक टक्के. शिवाय विस्कॉन्सिनमध्ये 'नेहमीचं' खाणाऱ्या गटाला हवं तेवढं खाऊ घालत होते. मेरीलँडमध्ये त्यांनाही मोजूनच. म्हणजे मेरीलँडचा 'भरपेट' गट आधीच जरा कमी खात होता. तुलना कुणाशी करताय यावर सगळं होतं. त्यातून उरलं ते हे की मोठ्या वयात माफक कमी खाण्याचा उपयोग दिसतो, कोवळ्या वयात सुरू केलेल्यांना तो मिळाला नाही.

कट्टेकरी_विन्या | २१ एप्रिल, सकाळी ९:४०

म्हणजे साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास हा विस्कॉन्सिन गट. समजलं.

वेताळपंचविशी | २१ एप्रिल, दुपारी १२:१८

सगळे मजेत लिहिताय. माकडांना वीस-वीस वर्षं पिंजऱ्यात उपाशी ठेवून साखरेचे हिशेब मांडले, त्यात सुंदर काय? हार्लो नावाच्या माणसाने पन्नास-साठच्या दशकांत काय केलं ते कुणी लिहिलं नाही अजून. जन्मलेली पिल्लं आईपासून तोडली. पिंजऱ्यात तारेची एक 'आई' ठेवली, तिला दुधाची बाटली. शेजारी फडक्याने मढवलेली दुसरी 'आई', दूध नाही. पिल्लू दूध प्यायला तारेच्या आईकडे जायचं आणि लगेच फडक्याच्या आईला येऊन बिलगायचं, तासन्‌तास. पुढे तर काही पिल्लांना महिनोन्‌महिने पूर्ण एकटं कोंडलं. ती कायमची बिघडली. लेकराला मायेची ऊब लागते हे सिद्ध करायला हे करावं लागतं? आमच्या आजीला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं.

शंकासुर | २१ एप्रिल, दुपारी १:०३

आजीला माहीत होतं, पण दवाखान्यांना नव्हतं. त्या काळात पाश्चात्त्य डॉक्टर मुलांना फार कवटाळू नका, लाडावतील, असं सांगत. अनाथालयात मुलांना वेळेवर दूध मिळालं की काम झालं असा समज होता. तो मोडायला या प्रयोगाचा हातभार लागला. प्रयोग क्रूर होता हे मान्य. दोन्ही खरं आहे.

वेताळपंचविशी | २१ एप्रिल, दुपारी १:२०

'दोन्ही खरं आहे' म्हणून हात झटकता येत नाहीत. पोलिओच्या लशीसाठी पन्नासच्या दशकात इथून वर्षाला लाखाच्या वर रिसस बाहेर जात होती, त्यांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू वाढवायला. १९७८ पासून भारताने निर्यात बंद केली, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना. तोवर किती गेली असतील, हिशेब करा.

परळकर | २१ एप्रिल, रात्री १०:५५

दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो.

माझे वडील परळच्या एका प्रयोगशाळेत प्राणीगृहात अटेंडंट होते, एकतीस वर्षं. परळ भागात अशा जुन्या संस्था आहेत हे तुम्हाला माहीत असेलच. संततिनियमनावरच्या कामासाठी तिथे टोपी माकडं पाळली जात. आम्ही चाळीत राहायचो. वडील घरी आले की आधी नळावर हातपाय धुवायचे, कपडे वेगळ्या बादलीत, मग घरात. आई म्हणायची माकडांचा वास येतो. खरं कारण मला फार उशिरा कळलं. त्यांना माकडांकडून काही होईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती होती ती त्यांच्याकडून माकडांना होण्याची. क्षयाची. गिरणगावात घराघरात खोकला होता. एका माणसाचा खोकला आत गेला तर अख्खं प्राणीगृह रिकामं होऊ शकतं. म्हणून वडिलांच्या छातीचा एक्स-रे दर वर्षी व्हायचा, आमच्यापैकी कुणाचाही कधी झाला नाही.

माकडांची क्षयाची तपासणी कशी करतात ते वडिलांनी सांगितलेलं आठवतं. दंडावर नाही. वरच्या पापणीत अगदी बारीक सुई. म्हणजे नंतरचे तीन दिवस माकडाला पुन्हा पकडायला नको, पिंजऱ्याबाहेरूनच बघायचं पापणी सुजली का, लोंबली का. दुसऱ्या दिवशी ते लवकर निघायचे. एकेका पिंजऱ्यासमोर उभं राहून डोळ्यात डोळा घालायचा नाही हा नियम, कारण टक लावून बघणं म्हणजे माकडाच्या भाषेत आव्हान. म्हणून पापणी बघायची, पण नजर चोरून. त्यांची ती सवय शेवटपर्यंत राहिली. आमच्याशी बोलतानाही ते जरा बाजूला बघायचे. आम्हाला वाटायचं स्वभाव.

एक मादी त्यांच्या हातचंच खायची. वडील रजेवर गेले की ती खात नसे. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. वडील घरी येऊन म्हणाले, तिला सांगायचं राहिलं.

वेताळ, तुमचा राग मला समजतो. वडिलांना विचारलं असतं तर ते काही बोलले नसते. शंकासुर, तुमचंही समजतं. माझ्या धाकट्या बहिणीला पोलिओचा डोस त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून पाजून आणला होता.

वेताळपंचविशी | २१ एप्रिल, रात्री ११:२०

परळकर, यावर काय लिहू. लिहिलंत हे बरं केलंत.

निळी_छत्री | २२ एप्रिल, सकाळी ८:००

पापणीबद्दल माहीत नव्हतं. थक्क.

यालाच जोडून, कोविडच्या काळात आपल्याकडच्या लशीच्या चाचणीसाठी पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) रिसस हवी होती. टाळेबंदीत नेहमीच्या जागी खायला मिळेना म्हणून टोळ्या पांगल्या होत्या. शेवटी नागपूरजवळ शोधून वीस माकडं पकडली आणि पुण्याला नेली.

डॉ_कडुनिंब | २२ एप्रिल, सकाळी ११:३५

धाग्यात चाव्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मुलुंड, येऊर, कान्हेरी, घारापुरी, कुठेही माकड चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर: वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून, खरी पंधरा मिनिटं. हळद, चुना, मिरची, टूथपेस्ट काहीही लावू नका. लगेच जवळच्या पालिका रुग्णालयात जा. रेबीजची लस आणि गरजेप्रमाणे जखमेत सीरम, दोन्ही लागू शकतं. 'माकडच आहे, कुत्रा थोडाच' म्हणून घरी बसलेले लोक मी बघितलेत.

मकाक माकडांत बी विषाणू नावाचा एक विषाणूही असतो. त्यांना तो तोंडाला एखादा फोड आणण्यापलीकडे फारसा त्रास देत नाही, माणसाच्या मज्जासंस्थेवर मात्र जीवघेणा हल्ला करतो. घाबरू नका, १९३२ पासून जगभरात नोंदले गेलेले रुग्ण शंभरच्या आत आहेत आणि बहुतेक प्रयोगशाळांतले. पण जखम धुवायचं हे आणखी एक कारण.

आणि कृपा करून खाऊ घालू नका. बंडीपूरच्या टोपी माकडांवर बंगळुरूच्या अनिंद्य सिन्हा यांच्या गटाने काम केलंय, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. रस्त्यावर पर्यटक खाऊ घालतात तिथली माकडं माणसाकडे बघून एक विशिष्ट हलका आवाज काढतात आणि हात पुढे पसरतात. आपल्याकडे लक्ष आहे का हेही तपासतात, नसेल तर जागा बदलून पुन्हा मागतात. रानात ती एकमेकांकडे असं मागत नाहीत. ही भाषा खास आपल्यासाठी शिकलेली आहे.

कट्टेकरी_विन्या | २२ एप्रिल, सकाळी ११:५०

बालीत तर याच्या पुढची शाळा आहे. उलुवाटूच्या मंदिरातली माकडं चष्मा-मोबाईल पळवतात आणि खाऊ मिळाल्यावरच परत देतात. संशोधकांनी बघितलं की अनुभवी माकडं मोबाईल-चष्म्यासारख्या महागड्या वस्तू निवडून उचलतात आणि चांगला खाऊ मिळेपर्यंत सोडत नाहीत. पिल्लांना मात्र भाव कळत नाही, ती काहीही उचलतात. भाव करायला वय लागतं.

सावंतवाडीचा_भाचा | २२ एप्रिल, रात्री ९:०५

मुंबईकरांनो, तुमच्या कुरडया गेल्या, आमच्या मामाची अख्खी केळीची बाग जाते. वांदर आणि केलडी (म्हणजे तुमची माकडं) नारळसुद्धा कोवळेच तोडून टाकतात. तिकडे 'खाचू' वगैरे नाव ठेवायची कुणाला हौस नाही. हेही धाग्यात असू द्या.

आणि माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, पाठोपाठ माणसं आजारी. पुण्याच्या विषाणू संस्थेने तो विषाणू शोधला. २०१६ मध्ये तो आमच्या दोडामार्गात आला. गोचिडीतून पसरतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या आजूबाजूला पसरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोक काजूच्या बागेत वाकून बी गोळा करत असतात. म्हणून आमच्याकडे मेलेलं माकड दिसलं की हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. माकडाची तब्येत बघणं हे आमच्यासाठी संशोधनबिंशोधन नाही, आमचीच तब्येत बघणं आहे.

गच्चीवाली | २२ एप्रिल, रात्री १०:३०

@सावंतवाडीचा_भाचा, मान्य. दोन किलो गव्हाच्या कुरडया आणि वर्षाची बाग यात तुलना नाही. माझं पोट माकडांवर अवलंबून नाही म्हणून मला टायमर लावायला फुरसत आहे.

@परळकर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या परळच्याच, केईएमच्या मागच्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिने दुसऱ्या दिवशी खाल्लं असेल का?"

परळकर | २२ एप्रिल, रात्री ११:०२

मलाही माहीत नाही, ताई. वडील पुन्हा कधी तिकडे गेले नाहीत.

गच्चीवाली | २६ एप्रिल, रात्री ९:४५

मीटिंगचा वृत्तांत. मी वही नेली होती. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, चाळीस बैठका ठीक आहे, पण उपाय काय? तेव्हा भाचीने एक गोष्ट दाखवली जी माझ्या लक्षातच आली नव्हती. कचऱ्याच्या सगळ्या नोंदी सकाळी आठ ते नऊच्या आहेत. ओला कचरा साडेसातला खाली येतो आणि गाडी येते सव्वानऊला. मधले पावणेदोन तास उघडे डबे. माकडं आमच्या मागे लागलेली नाहीत, डब्याचं टाइमटेबल पाळतायत.

टोळी पकडून सोडण्याबद्दल वनखात्याची परवानगी, सोडलेल्या जागी होणारे हाल, रिकाम्या जागी येणारी दुसरी टोळी, हे सगळं सांगितलं आणि सोडलेल्या टोळ्यांबद्दल निळी_छत्रीने लिहिलेलं वाचून दाखवलं. एक काका 'हनुमानाला पकडायचं नाही' म्हणाले, दुसरे 'मग तुमच्या घरी ठेवा' म्हणाले, पंधरा मिनिटं त्यातच गेली. अखेरीस ठरलं: कचरा नऊनंतर खाली आणायचा, डब्यांना झाकण आणि वरून रबरी पट्टा, चौथ्या मजल्यावरच्या भगिनींनी रोज बिस्किटं टाकणं बंद करायचं. त्या रागावल्यात, माझ्याशी बोलत नाहीत. पकडण्याचा ठराव 'पुढच्या मीटिंगपर्यंत' ठेवलाय, म्हणजे मेलेला नाही.

निळी_छत्री | २६ एप्रिल, रात्री १०:१०

पहिले काही दिवस जास्त उच्छाद होईल, तयारीत राहा. मिळत होतं ते अचानक बंद झालं की आधी जोर वाढतो.

गच्चीवाली | ११ मे, सकाळी १०:२०

निळी_छत्री म्हणाली तसंच झालं. पहिल्या आठवड्यात दोन पट्टे तोडले, एका घरातून आंब्याची पेटी फोडली. (हापूस. देवगड. त्या घरचा आक्रोश ग्रुपवर ऑडिओ स्वरूपात आहे.) या आठवड्यात सकाळची फेरी निम्म्यावर आलीय. टोळी टाकीवर येते, थोडी बसते, डोंगराकडे परत जाते.

आत्याबाई आठ दिवस दिसली नाही. आज सकाळची नोंद जशीच्या तशी उतरवते.

'९:३०, खाचू. टाकीच्या सावलीत. एकटी. ९:३३, खाली कावळे. ती बघत नाही. ९:३५, मुंडा नर जवळून गेला, ती सरकली. ९:३६, शेपटीला चट्टा असलेली तरुण मादी (आधी हिच्याशेजारी कधी बघितलेली नाही) दोन हात अंतरावर बसली. ९:३८, एक हात अंतर. ९:३९, चट्टेवालीने पाठ केली. ९:४०, टायमर वाजला.'

सासूबाई म्हणाल्या, पाच मिनिटं अजून लाव. मी म्हटलं, तसं चालत नाही, ठरलेली दहाच. त्यांनी टायमर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः लावला.

कट्टेकरी_विन्या | ११ मे, सकाळी १०:२६

आणि??

गच्चीवाली | ११ मे, सकाळी १०:३१

निवडते.